एका खुर्चीची समीक्षा

पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, हल्ली तर मिसळीचीसुद्धा होते. खुर्चीची मात्र कुणी करत नाही. समीक्षक मंडळी खुर्चीत बसून जगावर लिहितात, पण जिच्यावर बसतात तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मराठी समीक्षेतली ही उणीव भरून काढावी म्हणून मी आज एका खुर्चीची समीक्षा करणार आहे. ही खुर्ची नेरूळात, सारसोळे गावापासून चालत पाच मिनिटांवर, एका कॉफीच्या दुकानात आहे. दुकानाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तिथं जाल आणि माझ्या खुर्चीत बसाल.

आधी मी तिथं का जातो ते सांगतो. मी भाषांतरं करतो. भाषांतर म्हटलं की लोकांना शेक्सपिअर आठवतो. माझं तसं नाही. मिक्सरबरोबर किंवा कपडे धुण्याच्या यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते आणि खोक्यासकट माळ्यावर जाते, तिचा मराठी भाग मी लिहितो. 'यंत्र वापरण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचा' हे माझं सर्वांत जास्त छापलं गेलेलं आणि सर्वांत कमी पाळलं गेलेलं वाक्य.

२०२० च्या मार्चपर्यंत हे काम मी घरी, हॉलमधल्या टेबलावर करत असे. मग टाळेबंदी आली आणि मुलाची कचेरी घरात आली. पाठोपाठ सुनेची आली. पुढं टाळेबंदी गेली, पण कचेऱ्या काही जायला तयार होईनात. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांसारख्या त्या राहूनच गेल्या. मुलगा हॉलमधून अमेरिकेशी बोलतो, सून बेडरूममधून बंगळुरूशी. मी बनियनवर पाणी प्यायला उठलो तरी ते दृश्य दोन खंडांत दिसतं. उरली मागची बाल्कनी. तिथं कपडे धुण्याचं यंत्र. धुण्याच्या यंत्राची पुस्तिका धुण्याच्या यंत्राशेजारी बसून लिहायची म्हणजे वास्तववादाची परमावधीच म्हणायची! पण यंत्र पिळायला लागलं की माझं टेबलही थरथरायचं आणि वाक्यातला कर्ता क्रियापदापासून निसटायचा.

"मग बाहेर बसा कुठंतरी," सौ. म्हणाली. "हल्ली सगळे बसतात."

सगळे बसतात हे खरंच होतं. मीही जाऊन बसलो.

कॉफीचे १८० रुपये पडले. पहिल्या घोटाला मला कॉफीऐवजी १८० रुपयांचीच चव लागली. मग मी आजूबाजूला पाहिलं आणि हिशेब मांडला. थंड हवा, दिवा, वीज, बिनतारी इंटरनेट, गार पाणी, स्वच्छ मोरी आणि मंद संगीत, शिवाय वर एक कप कॉफी. तीन तास बसलं तर तासाला ६० रुपये पडतात, चार तास बसलं तर ४५. म्हणजे जितकं जास्त बसावं तितकी कॉफी स्वस्त होत जाते. महागाईवर इतका साधा उपाय आजवर एकाही अर्थमंत्र्याला सुचलेला नाही.

आणि कामाचं म्हणाल, तर काम खरोखर होतं. त्याचं कारण माझ्या मते असं, की घरात माणूस बसलेला दिसला की तो रिकामा आहे असं घर धरून चालतं. "काही करत नसलात तर एवढा लसूण सोलून द्या" हे वाक्य मी हातात लेखणी असताना ऐकलेलं आहे. कॉफीच्या दुकानात अनोळखी माणसं मला कामात समजतात. त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून मला काम करावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी एक मिक्सर, दोन इस्त्र्या आणि एक पाणी तापवण्याची टाकी हातावेगळी केली.

शिवाय या बैठकीला घराणंही मोठं आहे. लंडनमध्ये १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थांचं कॉफीगृह होतं. जहाजवाले, व्यापारी तिथं बसून बोलता बोलता जहाजांचे विमे उतरवू लागले आणि त्यातून लॉइड्स ही जगप्रसिद्ध विमाबाजारपेठ उभी राहिली. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचा काही भाग रोलिंगबाईंनी एडिंबरोच्या निकल्सन्स नावाच्या कॅफेत बसून लिहिला. हे सगळेच सांगतात. त्या कॅफेत त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याची भागीदारी होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मेव्हण्याचं कॅफे असेल तर एका कपावर कादंबरी काय, महाभारतही होईल.

आणि लांब कशाला जा? आपले अरुण कोलटकर मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं जाऊन बसत. २००४ साली निघालेल्या 'काळा घोडा पोएम्स' या त्यांच्या इंग्रजी कवितासंग्रहातलं जग म्हणजे तिथून दिसणारा तो चौक आणि त्यातली माणसं. वेसाइड इन आता राहिलेलं नाही. चौक आहे आणि कविता आहेत. एवढा मोठा दाखला मिळाल्यावर माझ्या मिक्सरच्या पुस्तिकेलाही जरा वाङ्मयीन वजन आल्यासारखं वाटू लागलं.

आता खुर्चीचे गुणदोष. खुर्ची मऊ आहे, पाठ टेकते, हातांना आधार आहे. इराण्याकडची खुर्ची आठवा. काळी, वाकवलेल्या लाकडाची, समोर संगमरवरी टेबल. बसायला मनाई नव्हती, पण ती खुर्चीच चहा संपल्यावर तुम्हाला 'आता काय?' असं विचारायची. तिनं विचारायचं विसरलं तर भिंतीवरची पाटी विचारायची. इराण्याच्या पाट्यांना लोक हसत. पण त्या पाटीनं गिऱ्हाईकाला नीतिशास्त्राच्या कटकटीतून मोकळं केलं होतं. काय करू नये ते लिहिलेलंच असे. नव्या दुकानात पाटी नाही. कपावर तुमचं नाव लिहितात (माझं कधीही शुद्ध लिहिलेलं नाही) आणि हसतात. किती वेळ बसायचं, ते तुमच्यावर सोडलेलं. आणि मराठी माणसावर बसण्याचं सोडलं की काय होतं, हे आपल्या सभा-संमेलनांतून आपण पाहतोच.

रे ओल्डेनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९८९ साली एका पुस्तकात मांडलं, की माणसाला घर ही पहिली जागा लागते, काम ही दुसरी आणि या दोन्हींपासून सुटून चार लोकांत गप्पा मारायला एक तिसरी जागा लागते. आपल्याकडे पार होता, कट्टा होता, इराणी होता. ओल्डेनबर्गच्या तिसऱ्या जागेचा प्राण म्हणजे गप्पा. आम्ही काय केलं? आधी दुसरी जागा पहिलीत घुसवली आणि पहिलीत मावेना म्हणून ती उचलून तिसरीत नेऊन ठेवली. आता तिथं बारा माणसं बारा टेबलांवर कानांत बोंडं घालून बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. जो बोलतो तो समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, "माझा आवाज येतोय का?" असं विचारतो, आणि तो आवाज त्या एकट्याला सोडून पामबीच मार्गापर्यंत सगळ्यांना येत असतो. दक्षिण कोरियात तर हे इतकं वाढलं, की कॅफेत अभ्यास-काम करणाऱ्या या जमातीला तिथं एक खास शब्दच आहे. मंडळी घरचा मोठा संगणक आणि छपाईयंत्र उचलून आणू लागली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या स्टारबक्सला 'ही यंत्रं आणू नयेत' अशा सूचना लावाव्या लागल्या. शेवटी पाटी आलीच! इराणी त्यांच्या आधी कैक वर्षं शहाणा होता.

हे वाचून मी मनात म्हटलं, आपण त्यातले नाही. मी मोठ्यानं बोलत नाही. घरून डबा आणत नाही. वायर कुणाच्या पायात येऊ देत नाही. सौजन्याची स्पर्धा असती तर मी नेरूळ सेक्टर ६ मधून बिनविरोध निवडून आलो असतो.

आणि मग तो शनिवार आला.

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मी अडीच वाजल्यापासून बसलेलो, चार खुर्च्यांच्या टेबलाशी. एका खुर्चीत मी, दुसरीत माझी पिशवी, तिसरीत शब्दकोश आणि चौथीत, पाठ दुखते म्हणून, माझे पाय. कपाच्या तळाशी कॉफीचा एक वाळलेला डाग होता, तेवढ्या पुराव्यावर मी गिऱ्हाईक होतो. 'सुरक्षिततेविषयी सूचना' या प्रकरणात डोकं खुपसलेलं. समोर कुणीतरी उभं आहे हे मला बऱ्याच वेळानं जाणवलं. वर पाहिलं तर लुगडं नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई आणि नवा ड्रेस घातलेली त्यांची नात. नात दहावी पास झाली होती. कॉफी पाज म्हणून तिनं आजीकडे हट्ट धरला होता. दोन उंच पेले दोघींच्या हातांत, आणि दुकानात एकही खुर्ची मोकळी नाही. म्हणजे होत्या, पण त्यांत माझे पाय होते.

मी लगबगीनं पाय काढले, पिशवी उचलली. गडबडीत कागद टेबलभर पसरले. ते गोळा करून मी त्या मुलीला पेला ठेवण्यापुरता कोपरा करून दिला. वीतभर जागा असेल.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. सारसोळे त्यांतलंच आगरी-कोळ्यांचं गाव. आजही पामबीच मार्ग ओलांडला की त्यांची जेट्टी आहे, खाडी आहे, तिवरं आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी लोकांना लढावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर पुढं संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत द्यायची योजना आली. आणि इथं त्याच मातीवरच्या दुकानात, माझं बूड ज्यांच्या जमिनीवर टेकलं होतं त्यांच्या नातीला, मी मोठ्या औदार्यानं टेबलाचा साडेबारा टक्के भाग देऊ करत होतो.

बाई बसल्या. टेबलाकडे, माझ्या कागदांकडे, त्या रिकाम्या कपाकडे नीट पाहिलं आणि अगदी मनापासून, काहीही टोमणा न मारता त्यांनी विचारलं,

"मास्तर, हितं बसाचा भारा कवरा घेतान?"

सारसोळ्याच्या बोलीत भाड्याचा भारा होतो. पण मला तो डोक्यावर लाकडांचा भारा ठेवावा तसाच ऐकू आला. मी म्हटलं, "भाडं नाही हो आजी. कॉफी घेतली की बसायचं."

"कवरा येल?"

"कितीही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा हाय. आमाला बाजारान बसाला पावती लागतं."

त्या मासे विकायला बसतात. पाटी, सुरी, बर्फ आणि मासळीइतकीच त्यांना बसायच्या जागेची किंमत पडते, रोज. आणि बसतात त्या जमिनीवर. मऊ पाठ नाही, थंड हवा नाही. मला एकदम उठावंसं वाटलं. उठताना प्रथमच लक्षात आलं, की गल्ल्यामागचा पोरगा सबंध तीन तास उभाच होता. त्या दुकानात चाळीस खुर्च्या होत्या आणि त्याच्यासाठी एकही नव्हती.

कोलटकर बसत त्या जागेबद्दल मी इतकं बोलत होतो, पण एक फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्यांची नजर बाहेर होती. चौकात कोण आलं, कोण गेलं, कोण उपाशी आहे, हे ते बघत होते. माझी नजर सबंध वेळ 'सुरक्षिततेविषयी सूचना' वर, आणि तीन हातांवर एक पोरगी पेला धरून ताटकळलेली मला दिसली नाही. काम भरपूर झालं होतं. त्या दिवशी सोळा पानं झाली. पण कानांत बोंडं घातली, आवाज केला नाही, म्हणजे सौजन्य झालं असं मी समजत होतो. खुर्ची कुणाला हवी आहे ते मान वर करून बघणं, हे माझ्या पुस्तिकेत कुठंच छापलेलं नव्हतं.

तेव्हा समीक्षेचा निष्कर्ष असा. खुर्ची उत्तम आहे. बसणाऱ्यात दोष आढळला. दुरुस्ती चालू आहे. हल्ली मी भिंतीलगतच्या एकट्या खुर्चीत बसतो. तासाभरानं दुसरं काहीतरी मागवतो, त्यामुळे बैठक आपोआप दीड तासावर आली आहे. माणसाच्या सौजन्याला खिशाचा आधार असला की ते टिकतं. दर पानाला मान वर करतो. शनिवारी, रविवारी संध्याकाळी जातच नाही. तो पोरगा विचारतो, "काका, आज लवकर?" मी हसतो. तोही हसतो, पण उभ्याउभ्याच. त्याच्या खुर्चीचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

परवा बाजारात त्या आजी दिसल्या. ओळखलं त्यांनी. "काय मास्तर, आज उभं?" म्हणाल्या. मी कोलंबी घेतली आणि सांगितला तो भाव मोजून दिला.

घरी सौ.नं भाव ऐकला आणि कपाळावर हात मारला. "अहो, घासाघीस नाही केलीत? सरळ फसवलं तुम्हाला!"

"फसवलं नाही," मी म्हटलं. "त्यात थोडं मागचं भाडं आहे."