शिल्पाची पाठ भिंतीकडे

कोल्हापुरात दिव्यांग कलाकारांच्या मदतीसाठी शिल्पांचा लिलाव करावा, असा विचार चाललाय आणि त्याआधी कुणीतरी त्यावर बोलावं, म्हणून मला बोलावलंय. कौतुकाचे चार शब्द अपेक्षित असावेत. मी पडलो टीकाकार, तेव्हा जरा घोटाळा झालाय. (हशा)

असा एक लिलाव मी बघितलाय. शहराचं नाव नको. मोठं हॉटेल, भिंतीलगत मांडलेली शिल्पं आणि प्रत्येकापुढे पाटी: ‘कृपया हात लावू नये’. त्यात भाजक्या मातीचं एक काम होतं. गुडघे छातीशी घेऊन बसलेली बाई. करणारी तरुणी पूर्ण दृष्टिहीन. समोरून बघितलं तर डोकं लहान, चेहरा उरकलेला. मी परवानगी काढून मागे हात घातला, तेव्हा कळलं. पाठीवर बोटांनी ओढलेल्या चऱ्या होत्या. मानेपाशी खोल, कमरेकडे येता येता उथळ होत शेवटी नुसती खरखर उरलेली. म्हणजे ते सगळं शिल्प पाठीसाठी केलेलं होतं, आणि मांडणाऱ्यांनी पाठ भिंतीकडे करून ठेवली होती.

लिलाव पुकारणारा काय म्हणाला? “यांना दिसत नाही, तरी बघा काय केलंय!” त्या ‘तरी’वर बोली चढत गेली. टाळ्या झाल्या. घेणाऱ्यानं दान घेतलं, शिल्प बरोबर फुकट गेलं. मी नंतर त्या बाईंशी बोललो. म्हटलं, पाठ फार चांगली झालीय, पण चेहरा तुम्ही उरकलाय. त्या हसल्या. “वरपर्यंत येईतो माती ओढायला लागली होती. पाणी मारून बघितलं, नाही जमलं.” आणि मग दहा मिनिटं आम्ही मातीवरच बोलत होतो. त्या संध्याकाळी त्यांच्याशी बाकी सगळे त्यांच्या डोळ्यांवरच बोलले होते.

माझी तक्रार एवढीच आहे. आपण अशा कामाला वाईट म्हणायला घाबरतो, म्हणून चांगलं म्हणतो तेही खोटं होतं. ज्या कामात दोष काढायची मुभा नाही, ते काम आपण कलेत धरलेलंच नसतं. त्याची जागा मग दानपेटीशेजारी.

विनोदबिहारी मुखर्जींचं उदाहरण घ्या. लहानपणापासून एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसरा अधू. त्या एका डोळ्यावर त्यांनी 1947 साली शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं प्रचंड भित्तिचित्र केलं. पुढं पन्नाशी ओलांडल्यावर डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. मग ते कागद कापून, घड्या घालून, मेण दाबून काम करू लागले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी 1972 साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. विनोदबिहारींचं नंतरचं काम मोठं आहे ते ‘आंधळा असून’ केलं म्हणून नाही. चित्रात जी रेषा ते डोळ्यानं सांभाळायचे, ती आता कात्रीची धार आणि अंगठा सांभाळू लागला, आणि आकार जास्त मोकळा, जास्त धीट झाला, म्हणून. हे वाक्य बरोबर की चूक यावर भांडता येतं. ‘तरी बघा’ यावर कसं भांडणार?

आपल्या गावाकडं येऊ. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभर उंचीचा, पंचगंगेच्या काठी निघाला! (त्याच ग्रीकांचा धातुकामाचा देव हेफायस्टस पायानं अधू होता, पण त्याच्या कामाला कुणी ‘तरी’ लावल्याचं ऐकिवात नाही.) ती मूर्ती हातात धरायच्या मापाची आहे आणि ती कुणाच्या हातात देता येणार नाही, हेही खरं. घामानं कांसं खराब होतं. पण साचा काढून प्रतिकृती करता येते की! शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्पातल्या कुंभारांना साच्याचं काम कुणी शिकवायला नको.

याच गावात नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. पुढं संस्थेनं सिंधुदुर्गात काजूचा कारखाना काढला. मला तो कारखाना फार शहाणपणाचा वाटतो. पहिलं पाकीट माणूस दयेपोटी घेईल, पण काजू खवट निघाला तर दुसरं घेणार नाही. शिल्पाचं गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा येईल की नाही, याचा विचार आपले लिलाव करतच नाहीत.

कायद्याचंही सांगतो, थोडक्यात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 29 दिव्यांग कलाकारांना सुविधा आणि अर्थसाहाय्य द्यायला सांगतं, कला त्यांच्यापर्यंत पोचेल अशी करायलाही सांगतं. म्हणजे लिलाव ही सरकारची सुट्टी नव्हे. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम 53अ प्रमाणे मूळ शिल्प 10,000 रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला त्यात 10 टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. तेव्हा पावतीवर संस्थेबरोबर कलाकाराचं नाव, पत्ता घाला. पहिल्या विक्रीतलाही ठरलेला हिस्सा त्यांच्या हातात द्या, ‘प्रोत्साहनपर’ शाल नको.

लिलाव करा, माझा विरोध नाही. पण एखादं काम विकलं गेलं नाही तर ते तसंच परत जाऊ द्या, कुणा दात्याला डोळ्यानं खुणावू नका. माहितीच्या पाटीवर आजाराचं नाव लिहिण्याऐवजी माती कुठली, भट्टी कसली, ते लिहा, ब्रेलमध्येही लिहा. आदल्या दिवशी दोन तास हात लावून बघायला ठेवा, सगळ्यांनाच. आणि चौथरे भिंतीपासून चार-पाच फूट पुढं ओढा, चाकाची खुर्ची मागून फिरली पाहिजे.

बस्स. आता प्रश्न घेऊ.