सायकल नसलेल्या गावाचं उत्तर

परदेशात पीएचडीला अर्ज करायचं ठरवलं की बहुतेक ठिकाणी आयईएलटीएसचा स्कोअर मागतात, आणि स्पीकिंगच्या तयारीत कधी ना कधी सायकल समोर येतेच. डू यू राइड अ बायसिकल? लहानपणी सायकल होती का? तुमच्या गावात लोक सायकल चालवतात का? असे प्रश्न पहिल्या भागात, सुरुवातीच्या ४-५ मिनिटांत येतात. हेतू चांगला आहे: सोप्या विषयावर बोलून तुमची भीड चेपावी.

आता क्लासच्या झेरॉक्समधलं नमुना-उत्तर आठवा. हो, मी रोज सायकल चालवतो, तब्येत चांगली राहते, पैसे वाचतात, प्रदूषण होत नाही. आणि शेवटी 'एन्व्हायर्नमेंटली फ्रेंडली' हा भारदस्त शब्द. यातलं इंग्रजी ठीकच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हे उत्तर कुणाचंच नाही.

समजा, तुम्ही मणिबेलीचे आहात. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९९४ साली जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जागतिक बँकेला जे निवेदन दिलं, ते याच गावाच्या नावाने ओळखलं जातं. महाराष्ट्राच्या विधानसभेचं मतदान केंद्र क्रमांक १ इथलं, आणि मतदानाचं पथक तिथे जातं ते होडीने. मागे सातपुड्याचा चढ, पुढे जलाशय. इथे वाढलेल्या मुलीने 'आय राइड माय बायसिकल एव्हरी डे' का म्हणायचं?

तिने खोटं बोललं तरी गुण कापले जाणार नाहीत, हे खरंय. गुण चारच गोष्टींना आहेत: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही समान. खरं-खोटं कुणी तपासत नाही. मग बिघडलं कुठे? बिघडतं पुढच्या प्रश्नाला. 'तुम्ही कोणत्या रस्त्याने जाता?' असं विचारलं की पाठ केलेलं संपतं आणि ओघ तिथेच तुटतो. शिवाय परीक्षकांना घोकलेली उत्तरं ओळखण्याचा सराव असतो.

त्यापेक्षा हे बघा: 'नो, आय डोन्ट. व्हेअर आय ग्रू अप, द पाथ्स आर टू स्टीप फॉर अ बायसिकल, सो वी वॉक ऑर टेक अ बोट. आय ओन्ली लर्न्ट टु राइड व्हेन आय मूव्ह्ड टु अ हॉस्टेल.' तीन वाक्यं. नकार, कारण, तुलना, मग भूतकाळातली एक घटना. दोन काळ आले, जोडवाक्यं आली, एकही शब्द अवघड नाही. आणि पुढचा प्रश्न कुठलाही येवो, सांगायला गोष्ट शिल्लक आहे.

एक सापळा मात्र आपल्या सगळ्यांचा. आपल्याकडे बाईक म्हणजे मोटारसायकल. परीक्षकाच्या तोंडी 'बाईक' म्हणजे बहुतेक वेळा साधी सायकल. प्रश्न सायकलचा आणि तुम्ही पेट्रोलच्या भावावर बोलताय, असं होतं बरं का! 'ड्राइव्ह' नको, 'राइड' म्हणा. हवा 'फिल' करण्यापेक्षा टायर 'पंप अप' करतात. 'डेली आय ॲम गोइंग' हे मराठीतल्या 'मी रोज जातोय'चं सावट. 'आय गो एव्हरी डे' पुरे.

आता प्रश्नाकडेच बघू, कारण उद्या तुम्हीही प्रश्नावली तयार करणार आहात. सॅम्युअल मेसिक या मानसमापन-तज्ज्ञाने एका दोषाची नीट मांडणी केली: जे मोजायचंच नाही ते मोजमापात शिरणं. त्याला 'कन्स्ट्रक्ट-इर्रेलेव्हंट व्हेरिअन्स' म्हणतात. इथे मोजायचंय इंग्रजी. पण जिच्या घरी सायकल होती तिच्या जिभेवर ब्रेक, चेन, पंक्चर आधीच आहेत. होडीवाल्या मुलीकडे शब्द आहेत, पण त्यांना इथे वावच नाही. परीक्षेची बाजू घ्यायची तर 'नाही' म्हणायला पूर्ण मुभा आहे. मुभा आहे, पण प्रश्नांची रांग 'हो' धरूनच रचलेली वाटते. आणि हा दोष फक्त केंब्रिजवाल्यांचा नाही. आपल्या २०११ च्या जनगणनेतही घरच्या वाहनांत सायकल, मोटारसायकल, कार विचारली; होडीला रकाना नव्हता.

तिसऱ्या भागात चर्चा असते, तिथे संशोधक म्हणून तुमची खरी संधी. सायकलचे फायदे विचारले तर प्रदूषणावर थांबू नका. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून २०१७ मध्ये दाखवलं की माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि वाढ मुख्यतः शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत होती. म्हणजे काम केलं ते अंतर कापण्याने. मग हाच निष्कर्ष नर्मदेकाठच्या चढाला लागू होईल का? सपाट बिहारमधला आकडा उचलून सातपुड्यात लावता येईल का? हा प्रश्न इंग्रजीत साध्या शब्दांत मांडा: 'इट वर्क्ड देअर बिकॉज द लँड इज फ्लॅट अँड द स्कूल्स आर फार. इन माय व्हिलेज, अ बोट माइट हेल्प मोअर.' 'माइट'कडे लक्ष द्या. खात्री नसताना 'विल' म्हणायचं नाही, हे व्याकरणही आहे आणि संशोधनातली सवयही.

आज एवढंच करा: फोनवर रेकॉर्डिंग लावा, सायकलच्या तीन प्रश्नांना तुमच्या गावचं उत्तर द्या, मग ऐका. जिथे अडखळलात तिथे नवा शब्द शोधण्याआधी बघा, सांगितलेली गोष्ट तुमची होती की झेरॉक्सची.