कच्चे चित्र आणि रंगसंस्कार

प्रभात कंपनी पुण्यास आली त्याच, म्हणजे १९३३ साली, तिचा 'सैरंध्री' हा रंगीत बोलपट निघाला. रंगांचे संस्कार जर्मनीत झाले. पण रंग मनाजोगे उतरले नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आज रंगांचा निर्णय असाच परस्पर होतो. पर्वतीवरची सोनेरी सांज यंत्र पांढरट करते, सावल्या उजळते. ही रुची यंत्रकर्त्याची, आपली नव्हे. 'रॉ' चित्रात टिपलेला प्रकाश बहुतांशी असंस्कृत राहतो व रंगांचा निर्णय आपल्या हाती येतो. असे चित्र प्रथम फिकट दिसते. तो दोष आम्ही मानीत नाही. मात्र संस्कार करणाराला ती सांज आठवत असली पाहिजे. एरवी परक्या भडकपणाच्या जागी स्वतःचा भडकपणा, एवढाच लाभ!