तगर, सांगड आणि सागरप्रवासाची संहिता

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याने रचलेला ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा ६६ परिच्छेदांचा ग्रंथ मराठी अभ्यासात बहुधा पुराव्याची खाण म्हणूनच वापरला गेला. त्यातील तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. तेव्हापासून तगरचा उल्लेख हा प्राचीन वैभवाचा दाखला ठरला. दाखला मिळाला की संहिता बाजूला ठेवली जाते. तिच्या कथनाची घडण मात्र अवाचितच राहते.

ही घडण विलक्षण विषम आहे. मोसमी वाऱ्यांवर विसंबून खुल्या समुद्रातून थेट भारत गाठण्याचा मार्ग हिप्पालसने शोधला, एवढे सांगून निवेदक मोकळा होतो. या दीर्घ सागरप्रवासात ना रात्र आहे, ना भय. याउलट भडोचजवळ नर्मदेच्या मुखाशी येताच कथन दाट होते. भरतीचा लोंढा, गाळाचे उथळ पट्टे, ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावांच्या होड्या घेऊन गलबतांना सामोरे जाणारे स्थानिक कोळी, हे सारे तपशिलाने येते. निवेदकाची दृष्टी मालाच्या जोखमीबरोबर जागी होते. समुद्र हा त्याच्या लेखी अनुभव नाही, दोन बंदरांमधील अंतर आहे.

हाच नियम देशी नौकांना आणि अंतर्भागालाही लागू पडतो. पूर्व किनाऱ्यावरील, एकसंध ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नौकांना तो ‘संगर’ म्हणतो. मराठीतील ‘सांगड’ हा शब्द येथे सहज आठवतो, आणि आजच्या कॅटामरानचे नावही ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेली लाकडे या तमिळ शब्दावरूनच आलेले आहे. पण त्या नौका कोण चालवीत असे, याविषयी संहिता मौन पाळते. तगर हे पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर, तेथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी भडोचला येते, एवढेच कळते. त्याशिवाय किनारी प्रदेशातील मालही तगरला येतो. तो किनारा कोणता, हे निवेदक सांगत नाही. विणकर आणि गाडीवान यांना कथनात स्थानच नाही.

या मौनाला उत्तर देणारी वस्तू तेरलाच सापडली. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईतील मूर्तीशी असलेले साम्य सर्वज्ञात आहे. संहितेने गाळलेल्या संबंधाची ती साक्ष आहे. मात्र मूर्तीने संहितेला दुजोरा दिला, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे पुन्हा दाखल्याकडेच वळणे होय. संहिता बंदरावर उभी राहून पाहते, वस्तू कारागिराच्या हातून येते. त्यांची सांगड घालताना मधले पाणी बुजवायचे नसते. दोन्ही लाकडे वेगळी राहिली तरच सांगड तरते. तगरचे वाचनही ‘पेरिप्लस’ काय सांगतो याइतकेच तो कोणाला वगळतो यावर उभे राहिले पाहिजे.