मंडळीचे वडील आणि त्यांची शाळा

अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या घटनापुस्तकात पदाधिकाऱ्यांना दीक्षेच्या वेळी विचारायच्या प्रश्नांची एक यादी आहे. बहुतेक प्रश्न अपेक्षित तेच आहेत: श्रद्धा, धर्मग्रंथ, मंडळीची शिस्त. एका प्रश्नाशी मात्र मी थबकले. लोकांची सेवा करताना उत्साह, बुद्धी आणि प्रेम यांच्या जोडीने कल्पनाशक्तीही लावशील ना, अशा अर्थाची विचारणा तिथे आहे. जमाखर्च तपासणाऱ्या, छपराच्या गळतीची काळजी वाहणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणाऱ्या माणसाकडून शपथेवर कल्पनाशक्ती मागणारी दुसरी घटना माझ्या वाचनात नाही. कवीकडे ती असणार हे आपण धरूनच चालतो. कार्यकारिणीच्या सदस्याकडून आपली अपेक्षा एवढीच, की त्याने बैठकीला वेळेवर यावे.

‘प्रेस्बिटेरियन’ या नावाच्या मुळाशी ‘वडीलधारा’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. बिशप नाही. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून स्थानिक सभा चालवतात, तिच्यावर प्रिस्बिटरी, तिच्यावर सिनड आणि महासभा. मराठी बायबलने या पदासाठी ‘वडील’ हाच शब्द घेतला. बापाला आणि पदाधिकाऱ्याला एकच शब्द असल्याने मराठी वाचकाच्या मनात त्या पदाभोवती एक घरगुती दरारा तयार होतो. अमेरिकेत १९३० मध्ये आणि चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये १९६६ मध्ये हे पद स्त्रियांना खुले झाले. तेव्हापासूनच्या घडामोडी मराठीत सांगताना जीभ जरा अडते.

या वडिलांना आणि त्यांच्याबरोबर बिनपगारी राबणाऱ्या स्वयंसेवकांना काम शिकवायचे कसे, हा प्रश्न या परंपरेला साडेचारशे वर्षे सोडवावा लागला आहे. त्यासाठी लिहिली गेलेली पुस्तके धर्मशास्त्राचे अभ्यासक वाचतात, इतिहासकार वाचतात. वाङ्मय म्हणून ती फारशी कुणी वाचत नाही. मला ती तशी वाचायची आहेत. त्यांतली उत्तम पुस्तके करणाऱ्यासाठी जागा रिकामी ठेवतात. आजच्या प्रशिक्षण-पुस्तिकांनी ती जागा भरून टाकली आहे, आणि शपथेतली कल्पनाशक्ती तिथेच अडली आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात स्कॉटलंडच्या ‘फर्स्ट बुक ऑफ डिसिप्लिन’पासून करावी लागते. साल १५६०. मसुदा करणारे सहा जण, सहाही जणांचे नाव जॉन. त्यांत जॉन नॉक्स एक. जुनी धर्मव्यवस्था मोडली होती आणि नव्या व्यवस्थेला पुरेसे पाळक मिळत नव्हते. या टंचाईवर पुस्तकाने काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. जिथे पाळक नाही तिथे ‘वाचक’ नेमायचा. त्याने रविवारी नेमलेल्या प्रार्थना आणि धर्मग्रंथ नुसता मोठ्याने, स्पष्ट वाचून दाखवायचा. प्रवचन नाही, संस्कार नाहीत. वाचता वाचता त्याची समज वाढली तर त्याला पुढे चार शब्द बोलू द्यायचे, आणि तिथूनही तो वाढला तर पाळक करायचे. उमेदवाराला आधी पात्र करून मग कामाला लावायचे ही आपली नेहमीची रीत. इथे काम हेच शिक्षण धरले आहे. मोठ्याने वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, त्याला अभ्यास लागतो, हे मान्य करणारे हे सोळाव्या शतकातले पुस्तक आहे. आपल्या साहित्य संमेलनांतले कवितावाचन ऐकताना मला त्याची अनेकदा आठवण येते.

त्याच पुस्तकात ‘एक्सरसाइज’ नावाची साप्ताहिक बैठक सांगितली आहे. मोठ्या गावात आणि भोवतालच्या सहा मैलांत राहणारे पाळक आणि जाणते लोक जमणार. एकाने उताऱ्याचा अर्थ लावायचा, दुसऱ्याने पुष्टी द्यायची किंवा राहिलेले भरायचे. नुसत्या चौकस शंकांचे फाटे फोडायचे नाहीत, बोलणाऱ्याने व्यासपीठ बळकावायचे नाही, आणि चुका दाखवायच्या त्या नंतर, बाजूला घेऊन, सौम्यपणे. यात शिक्षक नाही, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना घडवण्याची ही व्यवस्था आहे.

वडिलांची निवडणूक मात्र दरवर्षी व्हावी, असे या पुस्तकाचे सांगणे होते. फार काळ खुर्चीवर राहिलेला माणूस मंडळीच्या स्वातंत्र्यावर हक्क सांगू लागतो, अशी भीती त्यामागे होती. अठरा वर्षांनी, १५७८ मध्ये, ‘सेकंड बुक ऑफ डिसिप्लिन’ आले आणि त्याने पद कायमचे केले. आजच्या अमेरिकन घटनेत दोन्हींचा मेळ घातलेला दिसतो: दीक्षा आयुष्यभराची, पण सभेवरची प्रत्यक्ष सेवा एका वेळी तीन वर्षांची आणि सलग सहा वर्षांहून जास्त नाही. प्रशिक्षणाची अडचण इथून सुरू होते. दर काही वर्षांनी नवी माणसे येणार, म्हणजे दर काही वर्षांनी पहिल्यापासून शिकवणे आले. सत्ता साचू द्यायची नसेल तर अनुभवही पुरता साचत नाही.

दुसरे पुस्तक १६४५ चे: वेस्टमिन्स्टर सभेने तयार केलेली ‘डिरेक्टरी फॉर द पब्लिक वर्शिप’. इंग्लंडच्या चर्चचे छापील प्रार्थनापुस्तक बाजूला सारून ती आणली गेली. प्रार्थनापुस्तकात शब्द असतात. डिरेक्टरीत शब्दांऐवजी आशय आहे. या प्रसंगी अमुक अर्थाचे मागणे मागावे, मग तमुक कबुली द्यावी, अशी तिची चाल. वाक्य ज्याचे त्याने घडवायचे. आपल्याकडच्या कीर्तनकाराला आख्यानाचा सांगाडा ठाऊक असतो आणि त्या रात्रीचे शब्द त्याचे त्याला उभे करावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. आजाऱ्याची भेट कशी घ्यावी यावरही तिच्यात स्वतंत्र प्रकरण आहे. प्रवचनाबद्दल ती सविस्तर पद्धत सांगते आणि मग तीच पद्धत प्रत्येक वेळी, प्रत्येकाने पाळलीच पाहिजे असे नाही, असेही सांगून टाकते. एवढा मोठेपणा असलेले नियमपुस्तक मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

तिच्यातली एक बारीक सूचना पुढे फार लांबवर गेली. मंडळीतल्या पुष्कळांना वाचता येत नाही. म्हणून सध्यापुरते, कुणा योग्य माणसाने स्तोत्राची एकेक ओळ आधी म्हणावी आणि मग सर्वांनी ती गावी. ‘सध्यापुरते’ हा शब्द तिथे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या लुइस बेटावर, गेलिक भाषेतल्या उपासनेत, ही रीत आजही चालू आहे. पुढचा गायक ओळ सोडतो आणि मंडळी ती उचलते. जो तो आपापल्या मुरक्या घेत, आपापल्या लयीत, आणि तरी सगळे मिळून पुढे सरकतात. निरक्षरतेवरची तात्पुरती सोय एका गायनपद्धतीचा प्राण झाली. पुस्तकाने ओळ कशी म्हणावी हे सांगितले असते, तर हे घडले असते असे मला वाटत नाही.

पण रिकाम्या जागेत दंभही शिरतो. हे ज्याने सर्वांत नेमके दाखवले तो रॉबर्ट बर्न्स. ‘होली विलीज प्रेअर’ ही त्याची १७८५ ची कविता मॉखलिन गावच्या विल्यम फिशर या वडिलावर बेतलेली आहे. बर्न्सचा स्नेही गॅव्हिन हॅमिल्टन याच्यावर तिथल्या वडीलसभेने उपासनेला गैरहजर राहण्यासारखे आरोप ठेवले होते. एअरच्या प्रिस्बिटरीपुढे हॅमिल्टनची बाजू टिकली. या पार्श्वभूमीवर बर्न्स आपल्याला विलीची एकांतातली प्रार्थना ऐकवतो. कवितेकडे ढोंगी माणसावरचा उपहास म्हणून पाहण्याची रीत आहे. मला तिच्यात आणखी काही दिसते. विली प्रार्थनेत तरबेज आहे. स्तुती, कृतज्ञता, पापाची कबुली, मग मागणी, हा क्रम बिनचूक. बायबलची भाषा त्याच्या जिभेवर. डिरेक्टरीने जे शिकवायचे ते तो पुरेपूर शिकला आहे. कबुली देतानाच तो तिच्यातून पळवाट काढतो: मोह झाला तो दारूच्या भरात, आणि कदाचित मी गर्वाने फुगू नये म्हणून देवानेच तो धाडला असेल. शत्रूंच्या नाशाची मागणीही त्याच सुरात येते. शब्द उसने असते तर आपण त्याला पोपट म्हणून सोडून दिले असते. ते त्याचे स्वतःचे आहेत आणि म्हणूनच ती प्रार्थना अंगावर येते. बर्न्सने ही कविता आपल्या १७८६ च्या पहिल्या संग्रहात घेतली नाही. त्याच वर्षी त्याला स्वतःला त्याच मंडळीपुढे कानउघाडणी ऐकायला उभे राहावे लागले होते.

विलीवर इलाज काय? प्रेस्बिटेरियन उत्तर नीरस आहे, आणि मला ते पटते: वही. सभेत काय झाले ते लिहायचे आणि ती वही वरच्या सभेला दाखवायची. सेंट अँड्रूजच्या वडीलसभेची वही १५५९ पासूनची आहे. स्कॉटलंडभरच्या अशा वह्यांवर इतिहासकार मार्गो टॉड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ उभा आहे. गरिबांना दिलेली मदत, शेजारणींची भांडणे, रविवारी केलेली कामे, लग्नाची मोडलेली वचने, सगळे त्यांत आहे. ज्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही अशा मोलकरणींचे आणि विणकरांचे बोलणे कारकुनाने साक्ष म्हणून टिपून ठेवले. त्या काळच्या सामान्य स्कॉटिश माणसाचा आवाज ऐकायचा तर वहीच उघडावी लागते. तो आवाज धाकाखाली निघालेला आहे, हे मात्र वाचताना विसरता येत नाही. नोंदवणारी सभा हीच न्याय करणारी सभा होती.

आजच्या कारकुनाला शिकवले जाते ते याच्या नेमके उलट. अमेरिकन लष्करातला अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट याच्यावर १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड इथे चर्चमधल्या एका सभेचे अध्यक्षपद आयत्या वेळी आले आणि सभा हाताबाहेर गेली. त्या फजितीतून १८७६ मध्ये त्याचे सभानियमांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. तो बाप्टिस्ट; पण अमेरिकन प्रेस्बिटेरियन सभा आपले कामकाज त्याच्याच पुस्तकाने चालवतात. इतिवृत्तात काय केले ते लिहा, कोण काय बोलले ते नको, असा त्याचा दंडक आहे. दंडक न्याय्य आहे. भांडणात निघालेला शब्द कुणाच्या नावावर शंभर वर्षे राहू नये. पण ठराव, अनुमोदन, मंजूर एवढेच उरलेल्या वहीतून पुढच्या पिढीचा वडील काय शिकणार? मतदानात हरलेल्या माणसाने पुढच्या रविवारी कसे वागावे, हे कौशल्य त्या वहीत कुठेच नोंदले जात नाही.

हल्लीच्या प्रशिक्षण-पुस्तिका चाळल्या की हीच उणीव मोठी होऊन समोर येते. अंदाजपत्रक कसे वाचावे, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, विमा, बैठकीचा आराखडा. यातले काहीही अनाठायी नाही. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम तर फार आधी व्हायला हवे होते. माझी तक्रार गद्याबद्दल आहे. आजाऱ्याच्या भेटीला गेल्यावर विचारायचे प्रश्न क्रमवार छापलेले, शेजारी खूण करायला चौकोन. डिरेक्टरी आशय देऊन गप्प बसते. इथे वाक्यही दिलेले, आवाजाची पट्टी सांगितलेली. खाटेवर पडलेल्या माणसाला पाहुणा छापील बोलतोय हे लगेच कळते.

कौशल्य आणि श्रद्धा यांच्यात भिंत न मानणारा प्रेस्बिटेरियन मला आधुनिक साहित्यात एकच भेटला: नॉर्मन मॅक्लीनच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६) मधला बाप. मोंटानातल्या मिझूला गावचा हा पाळक रविवारी दुपारी मुलांकडून धर्मप्रश्नोत्तरी पाठ करून घेतो, आणि गळ फेकायला शिकवतो तो तालमापक यंत्र लावून, चार मात्रांत. दोन्ही धडे त्याच्या लेखी एकाच विषयाचे. त्या मुलाने पुढे ज्या लयीत ही कथा लिहिली, ती तिथे शिकलेली असणार.

आपल्याकडे ही परंपरा आली ती १८२९ मध्ये मुंबईत उतरलेल्या जॉन विल्सनसारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर. जालन्याचे नारायण शेषाद्री आणि ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी हे त्याच घरातले. कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि बिशप नको म्हणणाऱ्यांचे वारस बिशपांच्या छत्राखाली आले.

भारतात ही रीत आपल्या नावानिशी भरभराटली ती वेल्श मिशनऱ्यांनी रुजवलेल्या ईशान्येत. मिझोराममध्ये वडिलाला ‘उपा’ म्हणतात आणि ती उपाधी नावाआधी लागते. तिथल्या स्त्रियांनी १९१० पासून चालवलेला ‘बुहफाइ थाम’ हा उपक्रम आपल्या मुष्टिफंडाची आठवण करून देईल: स्वयंपाकाचे तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढायची, स्वयंसेविकांनी घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करायचे, ते विकून येणारा पैसा मंडळीच्या कामाला लावायचा. सूचना एवढीच. मूठ केवढी, हे चुलीपुढच्या बाईने ठरवायचे. या तांदळाच्या हिशेबाच्या वह्या कुणीतरी सेंट अँड्रूजच्या वहीशेजारी ठेवून वाचायला हव्यात. त्यांत कुणाची साक्ष नसेल, नुसती घरे आणि मापे असतील.