बिल्ड प्रणालीतील टूलसेट-सेटिंग्ज : मेक, एसकॉन्स व सीमेक यांची तौलनिक चिकित्सा

बीजसंज्ञा : कंपायलर, टूलसेट, बिल्ड प्रणाली, परिसर-चल, पुनरुत्पादनक्षमता

१. प्रस्तावना

आज्ञावलीच्या गुणवत्तेची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मूळ संहितेवर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मजकुरावर केंद्रित झालेले असते. ती संहिता कोणत्या कंपायलरने, कोणते पर्याय वापरून व कोणत्या लायब्ररींच्या आधारे यंत्रभाषेत उतरविली, हा प्रश्न किरकोळ तांत्रिक तपशील मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः एकच संहिता दोन वेगळ्या सेटिंग्जखाली दोन वेगळे अर्थ धारण करू शकते. सी भाषेत एक अक्षर व एक पूर्णांक एवढीच घटकसामग्री असलेली रचना प्रचलित संगणकांवर सामान्यतः ८ बाइट जागा व्यापते. जीसीसी या कंपायलरला रचना मोकळ्या जागेशिवाय बसविण्याचा पर्याय दिला की तीच रचना ५ बाइटांत मावते. एक फाइल पहिल्या गृहीतकावर व दुसरी दुसऱ्या गृहीतकावर कंपाइल झाली, तरी लिंकर दोन्ही फाइली विनातक्रार जोडतो. परिणामी आज्ञावली चुकीची उत्तरे देते आणि मूळ संहिता कितीही बारकाईने वाचली तरी दोष सापडत नाही. कारण तो संहितेत नसतोच.

कंपायलर, लिंकर व लायब्ररी बांधणारे साधन यांच्या समूहास येथे टूलसेट म्हटले आहे. या समूहाला योग्य क्रमाने कामास लावणारी व्यवस्था म्हणजे बिल्ड प्रणाली. टूलसेटच्या सेटिंग्ज कोठून येतात, केव्हा वाचल्या जातात आणि वाचल्यानंतर त्यांची नोंद राहते काय, या तीन कसोट्यांवर तीन प्रणालींची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. मेक : उदार परंतु विस्मरणशील

मेक ही या परंपरेतील आद्य प्रणाली होय. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये तयार केली. बदललेली फाइल कंपाइल करण्यास विसरल्यामुळे जुनीच आज्ञावली तपासत बसण्याची वेळ प्रोग्रामरवर येत असे. त्या विस्मरणावर मेक हा उपाय होता. या कामगिरीबद्दल फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार देण्यात आला.

सेटिंग्जच्या बाबतीत मात्र मेकचे धोरण सैल आहे. आज सर्वाधिक प्रचलित असलेली ग्नू मेक ही आवृत्ती आपला प्रत्येक परिसर-चल, म्हणजे कमांड चालविताना वापरकर्त्याच्या सत्रातून आलेले प्रत्येक नाव व त्याचे मूल्य, स्वतःचा चल म्हणून स्वीकारते. मेकफाइलमधील उघड नेमणूक परिसर-चलावर मात करते आणि कमांड लाइनवर दिलेले मूल्य या दोहोंवर मात करते. कंपायलरचे नाव ज्यात असते त्या ‘सीसी’ या चलाला काहीच मूल्य मिळाले नाही, तर प्रणाली स्वतःचे अंगभूत मूल्य वापरते. या अंगभूत मूल्यामुळे एक गफलत होते. ‘मूल्य नसेल तरच हे मूल्य द्यावे’ या अर्थाच्या चिन्हाने अनेक लेखक सीसीला जीसीसीचे नाव देतात. पण सीसीला अंगभूत मूल्य आधीच असल्याने ती ओळ निष्प्रभ ठरते. वाचणाऱ्यास मात्र ती प्रभावी वाटते.

या धोरणाला ग्नू मेकनेच केलेला एक अपवाद लक्षणीय आहे. ‘शेल’ हा चल परिसरातून घेतला जात नाही. शेलची निवड ही वापरकर्त्याची वैयक्तिक आवड असते व तिचा परिणाम मेकफाइलच्या कार्यावर होणे अनिष्ट आहे, असे कारण तिच्या माहितीपुस्तिकेत दिले आहे. तत्त्व निर्विवाद आहे. परंतु तेच तत्त्व कंपायलरला व त्याच्या पर्यायांना का लागू होऊ नये, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

याहून गंभीर उणीव नोंदीची आहे. पुन्हा कंपाइल करावे किंवा नाही, हे मेक केवळ फाइलींच्या कालमुद्रेवरून ठरवते. काल एका पर्यायाने व आज दुसऱ्या पर्यायाने मेक चालविल्यास न बदललेल्या फाइलींचे जुने फलित तसेच राहते आणि नव्या फलिताशी जोडले जाते. प्रस्तावनेतील ८ व ५ बाइटांची विसंगती निर्माण होण्याचा हा राजमार्ग आहे. माणसाच्या विस्मरणावर योजलेला उपाय येथे स्वतःच विस्मरणशील ठरतो.

३. एसकॉन्स : बंद दरवाजा

एसकॉन्स ही स्टीव्हन नाइट यांची पायथन भाषेवर आधारलेली प्रणाली. तिच्या मूळ आराखड्याने २००० साली सॉफ्टवेअर कार्पेंट्री स्पर्धेत यश मिळविले होते. वापरकर्त्याचा परिसर ही प्रणाली आपणहून स्वीकारत नाही. कंपायलर शोधण्याचा मार्गही तिच्या स्वतःच्या अंतर्गत परिसरातून ठरतो. प्रत्येक साधनासाठी स्वतंत्र मॉड्यूल असते. साधन उपलब्ध आहे काय, हे त्यातील एक कार्य तपासते आणि दुसरे कार्य त्याच्या सेटिंग्ज भरते.

नोंदीच्या कसोटीवर एसकॉन्स मेकच्या बरीच पुढे आहे. ती कालमुद्रेऐवजी आशयाची स्वाक्षरी पाहते आणि कंपाइल करण्याची आज्ञाही त्या विचारात धरते. पर्याय बदलला की फलित शिळे मानले जाते. कंपायलरची फाइल हेदेखील एक अवलंबित्व समजले जाते.

तथापि शुद्धतेची किंमत मोजावी लागते. एखाद्याने कंपायलर नेहमीच्या जागेऐवजी आपल्या खासगी फोल्डरमध्ये बसविला असेल, तर कमांड लाइनवर सहज चालणारा तो कंपायलर एसकॉन्सला दिसत नाही. यावर अनेक प्रकल्पांनी शोधलेला तोडगा म्हणजे वापरकर्त्याचा सगळा परिसर एका ओळीत आत ओढून घेणे. त्या एका ओळीने मूळ तत्त्व बाजूला पडते. व्यवहाराची गरज न ओळखणारा नियम शेवटी पळवाटेनेच पाळला जातो, याचे हे उदाहरण होय.

४. सीमेक : एकदाच विचारणारी प्रणाली

सीमेकचा प्रारंभ २००० साली किटवेअर या संस्थेत झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या साहाय्याने विकसित होणाऱ्या वैद्यकीय प्रतिमांच्या सॉफ्टवेअरला अनेक प्रकारच्या संगणकांवर चालणारी बिल्ड प्रणाली हवी होती. सीमेक परिसरातील सीसीचे मूल्य जरूर वाचते, पण पहिल्या जुळणीच्या वेळीच. त्यानंतर ती एक छोटी फाइल कंपाइल करून कंपायलरची ओळख पटविते आणि निष्कर्ष बिल्ड फोल्डरमध्ये साठविते.

दुसऱ्या जातीच्या संगणकासाठी कंपाइल करता यावे म्हणून २००८ च्या २.६ या आवृत्तीपासून टूलचेन फाइलीची सोय आहे. टूलसेटविषयीचे सर्व निर्णय प्रकल्पाच्या वर्णनापासून वेगळे काढून एका फाइलीत नोंदविणे, हे सीमेकचे महत्त्वाचे योगदान मानावे लागेल. अशी फाइल वाचता येते, जतन करता येते आणि सहकाऱ्याला देता येते.

उणिवा दोन आहेत. पहिली, स्मरणाचे रूपांतर हट्टात होते. पहिल्या जुळणीनंतर वापरकर्त्याने सीसीचे मूल्य बदलले, तर तो बदल मूकपणे दुर्लक्षिला जातो. जुना साठा पुसून नव्याने जुळणी करण्याचा स्वतंत्र पर्याय २०२२ च्या ३.२४ या आवृत्तीत आला. दुसरी उणीव अशी की, टूलचेन फाइल ही साधी यादी नसून पूर्ण आज्ञावली आहे. ती जुळणीच्या ओघात एकाहून अधिक वेळा वाचली जाते. त्यामुळे तिच्यात एखादी अट किंवा परिसरावर अवलंबून असलेली ओळ लिहिली, तर दोन वाचनांचे फलित एकच येईल याची शाश्वती राहत नाही.

५. तौलनिक विचार

बाहेरून सेटिंग्ज घेणे हाच दोष आहे, असे अनुमान यावरून काढणे घाईचे ठरेल. जी प्रणाली बाहेरचे काहीच ऐकत नाही, ती लेखकाच्या संगणकापुरती मर्यादित राहते. मेकचे औदार्य अनेक जातींच्या संगणकांवर उपयोगी पडले ते याचमुळे. दोष आहे तो नोंद न ठेवता घेण्यात.

केन थॉम्पसन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, कंपायलरमध्येच फेरफार केला असेल तर निर्दोष संहितेतूनही सदोष आज्ञावली निघू शकते. कंपायलर कोणता होता, हा प्रश्न म्हणूनच विश्वासाचाही आहे. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून पुनरुत्पादनक्षम बिल्डचे प्रयत्न सुरू झाले. तेथील बिल्डइन्फो फाइलीत बांधणीच्या वेळी उपस्थित असलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदविल्या जातात. तिसऱ्या कसोटीला दिलेले हे समर्पक उत्तर होय.

आपल्या प्रयोगशाळांनाही हा प्रश्न परका नाही. महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सी++ मध्ये ‘ऑप्शन्स’ मेनूतील ‘डिरेक्टरीज’ या खिडकीत हेडर फाइलींचा मार्ग लिहिलेला असे. फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलविला की मार्ग चुके आणि हेडर फाइल उघडता येत नसल्याचा संदेश येई. संहिता बरोबर असूनही विद्यार्थी त्याच ओळी पुन्हा पुन्हा तपासत असे. कारण सेटिंग्ज हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसे. त्याच्या जर्नलमध्ये संहिता व फलित यांना जागा होती, टूलसेटला नव्हती.

६. निष्कर्ष

१) मेक सेटिंग्ज सहज स्वीकारते, परंतु स्मरणात ठेवत नाही; एसकॉन्स स्मरणात ठेवते, परंतु सहज स्वीकारत नाही; सीमेक दोन्ही साधते, परंतु नंतर झालेल्या बदलाची दखल घेत नाही.

२) टूलसेटचे वर्णन स्वतंत्र फाइलीत असावे, ही सीमेकची रीत आणि सेटिंग्ज बदलल्या की फलित शिळे मानावे, ही एसकॉन्सची रीत परस्परपूरक आहेत.

३) सेटिंग कोठून आली हे विचारल्यावर सांगता येणे आणि स्वीकारली नसल्यास तसे उघडपणे कळविणे, ही बिल्ड प्रणालीची किमान जबाबदारी मानावी.

४) प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये संहिता व फलित यांच्याबरोबरच कंपायलरचे नाव, आवृत्ती व वापरलेले पर्याय लिहिण्याचा प्रघात सुरू व्हावा. त्यासाठी पाठ्यक्रम बदलण्याची प्रतीक्षा करावी लागत नाही. पानाच्या शिरोभागी एक ओळ वाढविणे पुरेसे आहे.