गॅरेजमध्ये शहाणी होणारी गाडी

संशोधनपद्धती शिकायला लागलात की कोणीतरी तुमच्या हातात रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ ठेवणारच. १९७४ सालचं हे पुस्तक मलाही असंच मिळालं. गाडीतला बिघाड शोधणं हीच वैज्ञानिक पद्धत, हे त्यात फार छान समजावलंय. वहीत आधी प्रश्न लिहायचा, मग संभाव्य कारणं, प्रयोग, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल आणि शेवटी निष्कर्ष. ही सहा खान्यांची वही मी अजून वापरते. तरीही पुस्तकात एक उणीव आहे आणि ती मला देवनारच्या एका गॅरेजमध्ये कळली. माझा अभ्यास दुरुस्तीच्या कामावर आहे, त्यामुळे तिथे माझं बसणं असतं.

भंगार भरून देवनारहून कळंबोलीला जाणारी एक डिझेल पिकअप होती. अर्धा-पाऊण तास नीट चालायची आणि मग उड्डाणपुलाच्या चढावर ओढायचीच नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा ठणठणीत. हे रोज होत नव्हतं, साधारण तीन फेऱ्यांत एकदा व्हायचं. गॅरेजमध्ये आणली की मात्र एकदम शहाणी! स्कॅनरवर एक जुना कोड सापडला: रेलमधला डिझेलचा दाब कमी. मालकाने फिल्टर बदलला, मग दाब मोजणारा सेन्सर बदलला, आता हाय-प्रेशर पंपाची गोष्ट निघाली होती. त्यात मालकाचा संशय ड्रायव्हरवर. ‘हा डिझेल मारतो आणि गाडीचं नाव सांगतो.’

इथे एक चूक लगेच टिपून ठेवा. कोड हे लक्षण आहे, कारण नाही. दाब कमी आहे एवढंच तो सांगतो. तो का कमी आहे, हे शोधायचं काम उरतंच.

पर्सिग अशा अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची गणना उमेद खचवणाऱ्या सापळ्यांत करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बिघाड कशाबरोबर येतो ते बघा, धक्क्याबरोबर, वळणावर की उन्हात. गाडी सुधारली असं लगेच मानू नका, काहीशे मैल जाऊ द्या. आणि बिघाड फारच चिवट असेल तर गळ टाकून बसल्यासारखा धीर धरा, व्यावसायिक मेकॅनिककडे पाच खेटे घालण्यापेक्षा ते बरं.

पहिल्या दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. तिसरीत गडबड आहे. पर्सिगच्या गोष्टीत गाडी चालवणारा, तिचा मालक, दुरुस्त करणारा आणि विचार करणारा एकच माणूस आहे, आणि तो मुलाला घेऊन लांबच्या प्रवासाला निघालाय. गळ टाकून बसणं त्याला परवडतं. देवनारला बिघाड पाहणारा ड्रायव्हर, कारणं माहीत असणारा मेकॅनिक आणि पैसे मोजणारा मालक ही तीन वेगळी माणसं आहेत. थांबायचं म्हटलं की ड्रायव्हरची फेरी बुडते. आणि ज्याने बिघाड डोळ्यांनी पाहिला, त्याच्याच शब्दाला किंमत नाही.

ही बाजू कळायला ज्युलियन ऑर यांचं ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ (१९९६) वाचा. झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरून केलेला हा अभ्यास आहे. छापील मार्गदर्शिका तोकडी पडते तिथे तंत्रज्ञ एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांवर निदान कसं उभं करतात आणि यंत्र वापरणाऱ्याचं ऐकून घेणं हाही त्यांच्या कामाचा भाग कसा असतो, हे ऑर दाखवतात. मात्र किस्सा कारण सुचवतो, सिद्ध करत नाही. तिथे पर्सिगची वही परत काढावी लागते.

आमच्या मेकॅनिकने दोन्ही केलं. आधी ड्रायव्हरला विचारलं, ‘बंद पडल्यासारखी झाली की टाकीचं झाकण उघडून पाहिलंस का?’ पाहिलं होतं, फरक पडला नव्हता. म्हणजे टाकीचा हवेचा मार्ग तुंबल्याची शक्यता कमी झाली. मग गाडी लोड करून स्कॅनरसकट फेरीवर नेली. तीन आकडे बघायचे होते: संगणकाने मागितलेला रेलचा दाब, प्रत्यक्ष दाब आणि टर्बोचा हवेचा दाब. मागणीच खाली आली तर संगणक स्वतः गाडीला आवरतोय. हवेचा आकडा पडला तर टर्बो किंवा त्याचे पाइप तपासायचे. मागणी वर आणि प्रत्यक्ष दाब खाली, तर डिझेलच पोचत नाही. दुसऱ्या दिवशी चढावर तिसरी गोष्ट दिसली. मग फिल्टरच्या आधीच्या नळीवर व्हॅक्यूम गेज लावलं. गाडी ओढेनाशी झाली तेव्हा व्हॅक्यूम चांगलंच वाढलं. पंप जोर लावत होता, अडथळा टाकीकडे होता.

टाकी उतरवली. आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा निघाला. लोडवर डिझेल जोरात ओढलं गेलं की तो जाळीला चिकटायचा, इंजिन बंद केलं की सुटून तरंगायचा. महागाचा पंप वाचला.

आता सांगा, सुधारली असं कधी म्हणायचं? बिघाड तीन फेऱ्यांत एकदा येत असेल, तर काहीही न करता लागोपाठ तीन फेऱ्या निर्विघ्न जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असते. दहा फेऱ्यांची २ टक्क्यांहून कमी. (प्रत्येक फेरी स्वतंत्र मानून.) आम्ही दहा मोजल्या. तुमच्या प्रयोगातही ‘आता ठीक दिसतंय’ म्हणण्याआधी हा हिशेब मांडा.

मालक पुढे काही बोलला नाही. ड्रायव्हरने तो पापुद्रा कागदात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवलाय.

दोन्ही पुस्तकं वाचा, आधी पर्सिग, मग ऑर. आणि वहीत सातवा खाना आखा: हे प्रत्यक्ष कोणी पाहिलं, आणि त्याला मी अजून काय विचारलेलं नाही?